भट्टीजवळची जागा

९ जानेवारी

भिंगरे,

पोटभर आशीर्वाद. डॉक्टर झालीस म्हणून पत्रात मान मिळेल अशी आशा ठेवू नकोस. माझ्या भावाची मुलगी आहेस, माझ्यापुरती भिंगरीच राहशील.

मी फोन करत नाही म्हणून तू रुसली आहेस असं तुझा बाप म्हणाला. अगं, फोन आहे दुकानाच्या गल्ल्यावर. मी बोलायला लागले की पाव घ्यायला आलेलं माणूस पाव विसरून कान देऊन उभं राहतं, आणि भावजी हिशेब थांबवून माझ्याकडे बघत बसतात. त्यापेक्षा पत्र बरं, ते निदान मध्येच खोकत नाही.

इकडचं सगळं ठीक. तुझे आतोबा गेल्यापासून भट्टी मी सांभाळते, खरेदी आणि गल्ला भावजी सांभाळतात, आणि धाकटी जाऊ आम्हा दोघांना सांभाळते. परवा एक मजा झाली. नवीन कारागीर तापलेला पत्रा फडक्याने धरून बाहेर काढताना जागच्या जागी नाचायला लागला. मी तोच पत्रा नुसत्या हाताने उचलून फळीवर ठेवला. सगळे बघतच राहिले. आमच्या धंद्यात याला हात तयार होणं म्हणतात. तुझ्या आतोबांचा जन्मभर झाला नाही, माझा झाला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता विस्तवालाही भीक घालत नाहीत. करंगळीला टपोरा फोड आला होता, तो जाऊने दाखवला तेव्हा मला कळला.

एक विचारायचं होतं. कोपराच्या थोडा वर एक फिकट चट्टा आलाय. खाजत नाही, दुखत नाही. आधी वाटलं पीठ आहे, म्हणून घासून धुतला, पण गेला नाही. एखादं मलम लिहून पाठव. फुकटची डॉक्टरीण घरात असून उपयोग काय मग.

तुझी आत्या

१५ जानेवारी

आत्या,

नमस्कार, वाकून, खरोखरचा.

मलम पाठवत नाही. आधी एक काम कर आणि हसू नकोस. थोडा कापूस घे, त्याची वात करून टोक बारीक कर. तू डोळे मिटून बस आणि तुझ्या जावेला, म्हणजे काकूंना, सांग की त्या टोकाने तुझ्या हाताला कुठेही हलकेच शिवायचं. चट्ट्यावर, चट्ट्याच्या बाहेर, करंगळीवर, अंगठ्यावर. शिवल्यासारखं वाटलं की तू बोट दाखवायचं. डोळे किलकिले करायचे नाहीत. पत्ते खेळताना तू काय करतेस ते मला माहीत आहे.

दुसरं, कोपर वाकव आणि आतल्या बाजूला, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात, तिथे बोटाने चाचप. डाव्या कोपरालाही चाचप. उजवीकडे दोरी जाड लागते का ते लिही.

आणि नुसत्या हाताने पत्रे उचलणं आजपासून बंद. फडकं नाही, जाड हातमोजे घाल. का, ते विचारू नकोस.

तुझी भिंगरी

२२ जानेवारी

भिंगरे,

का, ते मी विचारणारच.

दुपारी दुकान बंद असताना जाऊला बसवलं. तिला वाटलं मला वयामुळे खेळायची हुक्की आली आहे. डोळे मिटून बसले आणि वाट बघत राहिले. शेवटी म्हटलं, अगं बाई, सुरू कर की. ती म्हणाली, "जाऊबाई, कधीची लावतेय." डोळे उघडून बघते तर कापूस चट्ट्यावर टेकलेला. करंगळीचंही तेच. अंगठ्यावर मात्र माशी बसावी तसं लख्ख कळलं. जाऊ हसायची थांबली, मग मीही थांबले.

कोपरात दोरी आहे. उजवीकडे चांगली जाड, दाबली तर हातभर कळ जाते. डावीकडे तसं काही नाही.

मी शाळा अर्धवट सोडली असली तरी मठ्ठ नाही. तू मलम पाठवलं नाहीस आणि एकही टोमणा मारला नाहीस, फक्त पत्त्यांचा मारलास, तोही घाबरून. काय असेल ते सरळ लिही.

आत्या

२७ जानेवारी

आत्या,

पत्रात सांगण्यासारखं नाही. नसेचा त्रास असू शकतो, त्यासाठी त्वचेची तपासणी करावी लागेल. या आठवड्यात ये. माझ्याकडेच उतर, रुग्णालय खोलीपासून जवळ आहे. कोणाला काही सांगायची गरज नाही, माझी आठवण आली म्हणून सांग.

भिंगरी

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

सुखरूप पोचले. आता जे तुझ्या खोलीत बोलले नाही ते लिहिते.

तुझ्या त्या लांबलचक व्हरांड्यात तू मला खांबाआड नेलंस आणि इतक्या हळू सांगितलंस की मला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदाही तू "तो आजार" म्हणालीस. शेवटी मीच मोठ्याने म्हटलं, "कुष्ठरोग का?" तर तू इकडेतिकडे बघितलंस. कागदावरही "त्वचाविकार" लिहिलंस. मला वाचवायला लिहिलंस हे कळतं मला. पण रोज असे रोगी तपासणारी तू, तुलाच तो शब्द जड जात असेल तर बाकीच्यांनी काय करावं.

मला तुझ्याहून कमी धक्का बसला. धक्का बसला तो एकाच गोष्टीचा. ज्या हाताचा मी एवढा तोरा मिरवला, तो तयार झालेला हात नव्हताच. नस मरत होती आणि आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो. मी तर कारागिरांना सांगत होते, माझ्यासारखं व्हा.

घरी आल्या आल्या जेवायच्या वेळी सांगून टाकलं. जाऊच्या हातातला डाव खाली पडला. भावजी उठले आणि त्यांनी आधी खिडकी लावली. मग म्हणाले, "वहिनी, हे या चार भिंतींच्या बाहेर जायला नको. पावाचा धंदा आहे." मी म्हटलं, बाई म्हणून मी घाबरायचं की भट्टीवाली म्हणून, ते आधी ठरवा.

गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेते. लाल गोळी घेतली त्या दिवशी लघवी लाल झाली, तू आधी सांगितलं होतंस म्हणून बोंब मारली नाही. भट्टी माझ्याकडेच आहे, काही बदललेलं नाही. हातमोजेही घालते.

आत्या

२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. बरोबर बोललीस. खांबाआड नेलं कारण पलीकडे माझे सहकारी उभे होते आणि तू माझी आत्या होतीस. दुसरं कोणी असतं तर खणखणीत आवाजात सांगितलं असतं. कुष्ठरोग. घे, लिहिलं.

काकांना हे वाचून दाखव: औषध सुरू झालं की आजार दुसऱ्याला लागत नाही. पावातून तर कधीच लागत नाही. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळी खोली, यातलं काहीही लागत नाही. औषध पुरं घेतलं की आजार बरा होतो. बोटांचं गेलेलं भान किती परत येईल ते सांगता येत नाही, म्हणून हात जपायचा. घरात आणखी कोणाला चट्टे आहेत का ते तपासायला आरोग्यसेविका येईल, तिला हाकलून देऊ नका.

तू भट्टीवर आहेस हे वाचून फार बरं वाटलं. माझ्याकडचे रोगी औषधाने बरे होतात, पण त्यातले निम्मे कामावरून काढल्यामुळे खचतात. तू त्यातली नाहीस, हे मी इथे सगळ्यांना सांगत सुटले आहे.

भिंगरी

३० मार्च

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला, कारण छाती. कोरडा खोकला लागलाय. सकाळी बरी असते. दुपार उलटली की अंग मोडतं, थंडी वाजते, ताप येतो, आणि जिना चढताना कोणीतरी छातीवर बसल्यासारखं होतं. सकाळपर्यंत उतरतं आणि दुसऱ्या संध्याकाळी परत हजर.

गल्लीतल्या डॉक्टरने नळी लावली, मान हलवली आणि बाहेर जाऊन भावजींना सांगितलं की रोग छातीत उतरलाय. आरोग्यसेविका येऊन गेल्यापासून लोकांना कळायचं ते कळलं आहेच, त्यात ही भर. जाऊने माझा पेला वेगळ्या फळीवर ठेवलाय. मी रोज तो उचलून तिच्या पेल्याशेजारी ठेवते, ती रोज परत हलवते. आमचं दोघींचं असं चाललंय, तोंडाने कोणीच काही बोलत नाही.

खरंच उतरतो का गं छातीत? असेल तर असेल. मी काही हातपाय गाळून बसणारी नाही, पण कशाशी लढायचं ते कळलं पाहिजे.

काम चालू आहे. भट्टी, पाव, नेहमीचंच.

आत्या

४ एप्रिल

आत्या,

त्या डॉक्टरला माझा नमस्कार सांग, आणि मान थोडी कमी हलवायला सांग. कुष्ठरोग असा छातीत उतरत नाही. त्याला थंड जागा आवडतात: त्वचा, नसा, नाक. फुप्फुस त्याचं घर नाही.

पण काहीतरी आहे हे नक्की. तू रोज घेतेस ती पांढरी गोळी एखाद्याला मानवत नाही. ताप येतो, क्वचित फुप्फुसावर सूज येते. सुरू करून काही आठवडे झाले की हे होतं, आणि तुझं तंतोतंत त्याच सुमारास झालंय. ती गोळी आजपासून बंद कर, बाकीच्या चालू ठेव. अंगावर पुरळ, डोळे पिवळे, ओठ निळसर असं काही दिसलं तर तशीच निघून ये. थुंकीही तपासून घे, क्षय नाही हे कळायला हवं.

इतक्या वर्षांत धूर आणि पिठाने तुला शिंकसुद्धा आली नाही, म्हणून मी भट्टीला दोष देत नाही. मला गोळीचाच संशय आहे, जवळजवळ खात्रीच.

भिंगरी

१२ एप्रिल

भिंगरे,

तुझी जवळजवळ खात्री तुझ्याजवळच ठेव. गोळी बंद करून आठवडा झाला, संध्याकाळचा पाहुणा येतोच आहे. थुंकीत क्षय निघाला नाही. पुरळ नाही, डोळे पिवळे नाहीत, ओठ नेहमीचेच. फक्त सुट्टीच्या दिवशी जरा बरं वाटलं, विश्रांतीमुळे असेल.

औषध अर्धवट टाकलं याचा मला जास्त राग येतोय. आजाराला वाटेल बाई घाबरली.

परवा निघते. खाट तयार ठेव. आणि या वेळी व्हरांड्यात खांब शोधू नकोस.

आत्या

३ मे

आत्या,

तू गेल्यापासून मी तुझ्या छातीच्या दोन फिल्म काचेवर शेजारी शेजारी लावून बघतेय. आलीस तेव्हाच्या फिल्मवर दोन्हीकडे बारीक धुरकट जाळी होती. गेलीस तेव्हाच्या फिल्मवर ती जवळजवळ विरलेली. आणि मधल्या काळात आम्ही छातीसाठी काय औषध दिलं? काहीच नाही. पांढरी गोळी मी भीत भीत पुन्हा सुरू केली, तरी तुला काही झालं नाही. म्हणजे गोळीही निर्दोष.

आमच्या छातीविभागाच्या मोठ्या बाई फिल्म बघून म्हणाल्या, "ही जाळी बाहेरून आत गेलेल्या कशाचीतरी आहे. पेशंट श्वासातून काय घेते?" मी म्हटलं, भट्टीवर असते, वर्षानुवर्षं. तर म्हणाल्या, "मग अलीकडे काय बदललं ते विचार." मी त्यांना ठणकावून सांगितलं की काही बदललेलं नाही, तिने स्वतः लिहिलंय. त्या म्हणाल्या, "रोग्याचं खरं मानावं, पण पुरं मानू नये." मला राग आला त्यांचा.

आता घरी गेल्यावर कसं वाटतं ते लगेच कळव. आणि आठवून बघ, नवीन काही? कबुतरं, गाद्यांचा कापूस, भिंतीला ओल?

भिंगरी

११ मे

चि. डॉक्टर मुलीस,

काकांचा आशीर्वाद. पत्र लिहिण्याचा मला सराव नाही, तरी विषय नाजूक असल्याने लिहीत आहे. वहिनींना हे पत्र ठाऊक नाही.

वहिनी तुझ्याकडून परत आल्या तेव्हा अगदी ठणठणीत होत्या. परंतु दुसऱ्याच दिवशी कामाला लागल्या आणि संध्याकाळी पुन्हा ताप, थंडी आणि धाप. तुमच्या मोठ्या रुग्णालयाचा गुण इतकाच टिकला हे खेदाने नमूद करतो.

आम्ही त्यांची कोणतीही आबाळ केलेली नाही, हे तू ध्यानात घ्यावंस. निदान झाल्यापासून मी त्यांना भट्टीच्या उष्णतेत आणि गिऱ्हाइकांच्या नजरेत उभं केलेलं नाही. मागच्या कोठीत त्यांना बसायला पाट दिला आहे. तिथे त्या एकट्या, शांतपणे, फक्त पीठ चाळतात. कोठीचं दार बंद असल्याने वाराही लागत नाही. गेल्या वर्षी मी एकदम घेतलेली पोती तिथे पडून होती, त्यात थोडे सोंडे झाले होते. चाळून घेतलं की गिऱ्हाइकाला काही कळत नाही आणि माल वाया जात नाही. म्हणजे त्यांनाही काम आणि आम्हालाही मदत.

तरी विनंती अशी. छातीचा विकार आहे, सबब पिठाचं काम वर्ज्य, असा दाखला तू तुझ्या सहीने द्यावा. म्हणजे त्या दुसऱ्या आजाराचं नाव न घेता त्यांना मानाने बाजूला करता येईल. घराण्याची अब्रू तुझ्याही घराण्याला लागूनच आहे.

आशीर्वाद,
काका

१५ मे

आत्या,

कोठीत पाऊल टाकू नकोस. हे पत्र वाचून झाल्यावरही नाही, चाळणी आणायलाही नाही.

काकांचं पत्र आलं. ते तुला ठाऊक नाही असं त्यांनी लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगते. त्यांना दाखला हवा होता आणि त्यांनी मला निदान पाठवून दिलं. मोठ्या बाईंना वाचून दाखवलं तर त्या खुर्चीतून उठल्या. धान्यातल्या सोंड्यांची भुकटी, त्यांच्या अंगाची, विष्ठेची, रोज बंद खोलीत श्वासातून आत गेली की काही माणसांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. सकाळी हुंगलं की दुपार उलटल्यावर ताप, थंडी, धाप. दूर गेलं की आपोआप बरं. परत गेलं की परत सुरू. बाईंनी एवढ्या वर्षांत असा एकच रोगी पाहिलाय, तो धान्याच्या गोदामातला होता. खात्रीसाठी त्या पिठाचा नमुना घट्ट बाटलीत पाठव, पण तो कारागिराला भरायला सांग. पुढेही हे हुंगत राहिलीस तर फुप्फुस कायमचं कडक होईल. आता सुटलीस तर पूर्ण बरी होशील. साध्या चांगल्या पिठाने आणि भट्टीने तुला काही होत नाही, हे तुझं सगळं आयुष्य सांगतंय.

आता भांडण. तू मला खोटं लिहिलंस. भट्टी माझ्याकडेच, काम नेहमीचंच. मी त्या खोट्यावर गोळी बंद केली, तुझं औषध आठवडाभर तोडलं आणि मोठ्या बाईंशी तुझ्या वतीने वाद घातला. मी रागावले आहे. आणि कोठीत एकटी पाटावर बसलेली तू डोळ्यांसमोर आलीस की राग टिकत नाही, रडू येतं.

एक गोष्ट सुचवते, शांतपणे वाच. काका म्हणतात तसा दाखला खोटा ठरणार नाही, छाती खरंच बिघडली आहे. ते कारण पुढे करून तू तिथून बाहेर पडू शकतेस. कोणी बोट दाखवणार नाही. माझ्याकडे ये, आपण दोघी राहू. दाखला लिहून तयार आहे, तू हो म्हणालीस की पाठवते.

तुझी भिंगरी

२ जून

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा शेवटच्या परिच्छेदापाशी आले आणि डोळे कोरडे झाले. तो दाखला फाडून टाक.

मानाने बाजूला हो म्हणतेस. कसला मान गं हा? खोकला झालेली बाई चालते आणि कुष्ठरोग झालेली चालत नाही, हे मी माझ्या तोंडाने कबूल करायचं आणि वर त्याला अब्रू म्हणायचं? तुझ्या काकांनी असं लिहिलं तर मी समजू शकते, ते खिडक्या लावणारे आहेत. तू नको लिहूस.

खोटं बोलले, ते खरं आहे. भट्टीवरून उठवलं हे लिहायला हात धजावला नाही. तू इतक्या अभिमानाने लिहीत होतीस की तुझी आत्या त्यातली नाही, मग मी त्यातलीच झाले हे कसं कळवणार? वाटलं होतं चार दिवस दम धरावा, लोक विसरतील, मी परत उभी राहीन. जन्मात तेवढं एकदा मान खाली घातली आणि बघ काय श्वासातून गेलं.

आता ऐक. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते त्या सकाळी, मी कारागिरांना तोंडाला ओलं फडकं बांधायला लावून कोठी उघडली. मी स्वतः लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहिले, तुझी शपथ. पोती एकेक करून बाहेर काढली आणि भर रस्त्यात ताडपत्रीवर ओतायला लावली. ऊन लागताच सगळं पीठ हलायला लागलं. रांगेतली माणसं मागे सरकली.

भावजी धावत आले. "वहिनी, लोक बघतायत."

"बघू देत की," मी म्हटलं. "माझ्याकडे बघत होते तेव्हा तुम्ही मला आत ठेवलंत. आता याच्याकडे बघू देत."

समोरचा शिंपी म्हणाला, "हे आम्ही खात होतो?"

"चाळून खात होतात," मी म्हटलं. "मी चाळत होते."

भावजींनी मग आवाज चढवून सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, नवीन पीठ येणार, सगळं स्वच्छ होणार, आणि आमच्या वहिनींची छाती नाजूक असल्याने त्या आता विश्रांती घेणार. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, सुटलो. मी पायरीवर चढले.

"छाती माझी नाजूक नव्हती," मी म्हटलं. "या खोलीत बसवली म्हणून बिघडली. मला कुष्ठरोग झालाय. औषध चालू आहे, तो माझ्यापासून कोणालाही होणार नाही, हे शिकलेली माणसं सांगतात. तुमच्यापासून लपवण्यासाठी मला या किड्यांत बसवलं, आणि पाव त्याच पिठाचा तुम्हाला दिला. तेव्हा घाण कुठे होती ते तुम्ही ठरवा. उद्यापासून भट्टीवर मी असेन. ज्याला पाव नको त्याने घेऊ नये. पण पाव माझा हवा आणि हात माझे नकोत, हे इथून पुढे चालणार नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसलं काही मनात आणू नकोस. रांग मोडली, माणसं घरी गेली. शिंपी मात्र बराच वेळ पिठाकडे बघत उभा होता.

भावजी म्हणाले, भट्टीवर धाकटी उभी राहील, आता महिने झाले तीच सांभाळतेय. तेव्हा जाऊ पुढे आली. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मी नाही. माझा पाव परवा कुत्रं हुंगून पुढे गेलं." मग माझ्याकडे वळून, "जाऊबाई, चला, हातमोजे आत वाळत घातलेत." तिने पेल्याबद्दल काही म्हटलं नाही, मीही काढलं नाही. पण त्या संध्याकाळी फळीवर दोन्ही पेले शेजारी होते आणि मी ते ठेवलेले नव्हते.

नवीन पीठ आलं. बाटली कारागिराबरोबर पाठवली आहे. ताप आलेला नाही, जिना एका दमात चढते. हातमोजे घालते, दर रात्री बोटं उजेडात धरून फोड शोधते, तू शिकवलंस तसं.

पहिल्या दिवशी पूर्ण भट्टी लावली. एक पाव गेला नाही. कपाट भरलेलं राहिलं आणि मी गल्ल्याशेजारी सगळ्यांना दिसेल अशी बसून राहिले. खोटं कशाला लिहू, आत तुटत होतं. दुसऱ्या दिवशी भावजी म्हणाले, "वहिनी, अर्धीच लावू." मी म्हटलं, "का? आजार मला झालाय, भट्टीला नाही." पूर्ण लावली. तिसऱ्या दिवशीही लावली. उरलेला पाव आम्ही खाल्ला, कारागिरांनी नेला, बाकी टोस्ट केले. टोस्टांनी घर भरलंय, तुला डबा पाठवते, वॉर्डात वाट आणि कोणी भाजले ते सांगून वाट.

आज शिंप्याची बायको आली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने पाव मागितला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघून माग." ती पिशवीचे बंद पिळत उभी राहिली. मीही हात मागे घेऊन उभी राहिले. भावजी गल्ल्यावरून खुणा करत होते, देऊन टाका म्हणून. मी दिला नाही. शेवटी तिने मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं, नंतर हातांकडे, नंतर पुन्हा तोंडाकडे. म्हणाली, "पाव द्या." मी दिला.

दिवसभरात तेवढाच गेला. दुकान बंद करताना भावजींनी हळूच विचारलं, उद्या किती लावायचा.

मी सांगितलं, पूर्ण.

तुझी आत्या